चौदावं पाकीट

सोमवार, २ फेब्रुवारी

ही वही वहिनीने दिली. म्हणाली, "दुकानातली कटकट रोज माझ्या कानावर घालतेस, ती आता इथे लिही. माझे कान तरी सुटतील." तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. दादा आणि मी वीस वर्षं एकाच दुकानात बसून लोकांचे संगणक दुरुस्त करतो, आणि घरी आल्यावर तो गप्प बसतो आणि मी बोलते. हत्यारं त्याची, कीबोर्ड माझा. सोल्डरिंग, पंखे, मेलेले बोर्ड त्याच्याकडे. यंत्रातलं जे डोळ्यांना दिसत नाही ते माझ्याकडे.

आज मोठं काम मिळालं. पलीकडच्या रस्त्यावर वाचाउपचार केंद्र आहे. तिथे अडखळत बोलणारी मुलं येतात, पक्षाघाताचा झटका येऊन शब्द हरवलेली माणसं येतात. त्यांचे चौदा संगणक. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमला आता कंपनीकडून दुरुस्त्या मिळणार नाहीत, म्हणून नवी घालायची. नवी भारी हट्टी आहे. यंत्रातली सुरक्षा चिप चालू नसेल तर ती उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. शिवाय रुग्णांची माहिती असल्यामुळे सगळ्या डिस्क कुलूपबंद करायच्या आहेत.

दादाला चिप आवडत नाही. "प्रोसेसरच्या पोटात आणखी एक छोटा प्रोसेसर, आणि तो मोठ्यावर पहारा ठेवणार. मालकावर काही विश्वास आहे की नाही?"

"मालकावर आहे, चोरावर नाही," मी म्हटलं.

"त्याला फरक कसा कळतो?"

मी चहा ठेवला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

केंद्र चालवणाऱ्या थेरपिस्टबाई मला आवडल्या. आवाज न चढवता बोलतात आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देतात. मला ते जमत नाही. म्हणाल्या, "नेमकं काय होतं ते सांगा, जाहिरात नको."

मी सांगितलं. डिस्कवरचं सगळं पार विस्कटून ठेवलं जातं, आणि ते जुळवायची किल्ली चिपच्या पोटात असते. यंत्र सुरू झालं की चिप आधी बघते, सुरुवातीचे प्रोग्राम कालचेच आहेत ना, कोणी हात तर लावला नाही ना. पटलं तर किल्ली देते. नाही पटलं तर तोंड मिटून बसते.

"आणि चिपच बिघडली तर?"

"म्हणून किल्लीची एक प्रत कागदावर छापायची. अठ्ठेचाळीस आकडे. पाकिटात बंद करून तुमच्या कपाटात."

"कागद नसेल तर?"

"मग तुम्ही, मी, ती बनवणारी कंपनी, कोणीही उघडू शकत नाही. तेच तर तिचं काम." हे मी जरा ऐटीतच म्हटलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

तेरा यंत्रं आणि तेरा पाकिटं झाली. चौदावं यंत्र रेकॉर्डिंगच्या खोलीत आहे. त्यावर आतल्या फायली न हलवता नवी सिस्टिम घातली, चिप चालू केली, कुलूप लावायची आज्ञा दिली. डिस्क विस्कटायला तास दीड तास लागतो आणि किल्ली त्यानंतर छापायची. तेवढ्यात एक बाई रेकॉर्डिंगला आल्या आणि दारावरचा लाल दिवा लागला. दिवा लागला की आत जायचं नाही. यंत्र विस्कटता विस्कटता रेकॉर्डिंगही करू शकतं, त्यामुळे अडत काहीच नव्हतं.

दादाची एक यादी असते. दर यंत्राला नऊ ओळी, प्रत्येक ओळीपुढे काम करणाऱ्याची खूण. यादी अर्धवट असली की तो दाराशी उभा राहून तीच ती ओळ विचारत बसतो. म्हणून चौदाव्याच्या नऊही खुणा मारून टाकल्या. छापायचं उद्या सकाळी, पाच मिनिटांचं काम.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

रात्रभर दाढेने जीव खाल्ला. सकाळी उठून दंतवैद्याकडे. दाढ उपटली, अर्धा चेहरा सुजला. दिवस झोपण्यात गेला.

सोमवार, १६ फेब्रुवारी

गाल उतरला. दुकानात सहा लॅपटॉप साठले होते, त्यातल्या एकावर कोणीतरी सूप सांडलेलं. केंद्राचं काम एकदाचं हातावेगळं झालं, बरं झालं.

बुधवार, ४ मार्च

केंद्रातून फोन आला. रेकॉर्डिंगमध्ये अधूनमधून उचकी लागल्यासारखं होतंय. जाऊन ऐकलं. बरोबर आहे, दर पाच-दहा मिनिटांनी आवाज क्षणभर तुटतो.

तिथेच त्या बाई भेटल्या, मागच्या महिन्यात लाल दिव्याआड होत्या त्या. पोहायला शिकवतात. केंद्रातली सगळी त्यांना तलावबाई म्हणतात. उंच, रुंद खांद्यांच्या, आणि आवाज घोगरा. स्वरयंत्रात गाठ आहे, चोवीस तारखेला पूर्ण स्वरयंत्रच काढणार आहेत. त्याआधी त्या आपला आवाज साठवून ठेवताहेत. सोळाशे वाक्यं वाचायची, मग त्यांतून एक प्रोग्राम त्यांचा आवाज तयार करतो. नंतर त्या टाइप करतील आणि यंत्र त्यांच्या आवाजात बोलेल. जानेवारीपासून अकराशे चाळीस वाक्यं झाली आहेत.

"मी अडखळत नाही बरं का," त्या मला म्हणाल्या, "तुमचं यंत्र अडखळतं. त्याला इथेच दाखवा की, तपासणी फुकट होईल."

रेकॉर्डिंगची दुसरी प्रत नाही. बाईंचा नियम आहे, रुग्णाचा आवाज खोलीबाहेर जाणार नाही, ऑनलाइन खात्यात तर नाहीच. सोळाशे पुरी झाली की एकच प्रत निघणार, ती रुग्णाच्या हातात. कडक आहे, पण मला पटतं. शिवाय डिस्कला आता कुलूप आहे.

मंगळवार, १० मार्च

उचकीचं मूळ सापडलं. खुद्द चिपच! ती अधूनमधून आपल्या नोंदी तपासते आणि तेवढा वेळ सगळं यंत्र थबकतं. बोर्ड बनवणाऱ्यांनी दुरुस्ती काढली आहे, बोर्डाचा मूळ प्रोग्राम बदलायचा. दादाला सांगितलं तर तो इतका खूश झाला की विचारू नका. "पहारेकऱ्यालाच उचकी!" दिवसभर तेच.

तलावबाईंच्या घशाची आज शेवटची तपासणी झाली. अठरापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. तेवढ्यात दुरुस्ती करून घेऊ.

गुरुवार, १२ मार्च

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येणार.

मी पुढच्या खोलीत नाव नोंदवायचं यंत्र बघत होते, दादा रेकॉर्डिंगच्या खोलीत दुरुस्ती घालत होता. थोड्या वेळाने तो दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "चौदावं पाकीट दे."

कपाट उघडलं. तेरा पाकिटं. सगळी जमिनीवर मांडली, पुन्हा मोजली. तेरा. कपाट ओढून मागे बघितलं. केंद्राच्या माणसांना विचारलं, कोणी हात लावलेला नाही.

दुरुस्तीनंतर यंत्राने विचारलं होतं, चिपच्या जुन्या नोंदी पुसू का? पुसल्यास आणि किल्ली जवळ नसल्यास डिस्क उघडणार नाही. नुसतं इंग्रजी, काळ्या पडद्यावर बारीक पांढरी अक्षरं. दादाने 'होय' दाबलं. आता यंत्र निळ्या पानावर थांबलं आहे आणि अठ्ठेचाळीस आकडे मागतं आहे.

मी ओरडले. केंद्रातल्या सगळ्यांसमोर ओरडले. "लिहिलेलं वाचता येत नव्हतं तर मला हाक मारायची!" दादाने माझ्याकडे पाहिलं, मग थेरपिस्टबाईंकडे. म्हणाला, "बटण मी दाबलं."

शुक्रवार, १३ मार्च

शहरात एक माणूस आहे, मेलेल्या डिस्कांमधून माहिती काढतो. डिस्क त्याच्याकडे दिली. तो म्हणाला बघतो, पण माझ्याकडे न बघता म्हणाला.

शनिवार, १४ मार्च

दादाला चष्मा लागून दहा वर्षं झाली. आता दिसत नसणार नीट, आणि ते सांगायची लाज वाटत असणार. मी आधी ओळखायला हवं होतं. मागच्या महिन्यात त्याने एक स्क्रू तीनदा पाडला होता.

जेवताना मी तसं बोलले. दादा उठून गेला. वहिनी म्हणाली, "त्याला आता काही विचारू नकोस." मी म्हटलं, तू त्याला पाठीशी घालू नकोस. वहिनीने ताट उचललं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू घोळ मीच घातलाय.

सोमवार, १६ मार्च

थेरपिस्टबाईंनी लेखी मागितलं आहे, नेमकं काय घडलं. मी लिहिलं. 'ज्येष्ठ तंत्रज्ञाने पडद्यावरील सूचना नीट न वाचता चिपच्या नोंदी पुसल्या. किल्लीचे पाकीट कपाटात आढळले नाही.' भावाबद्दल असं लिहिताना बरं नाही वाटलं, पण खरं ते खरं. दादाने वाचलं आणि सही केली.

मी म्हटलं, सोबत यादीची प्रत जोडते, म्हणजे आपली बाकीची शिस्त तरी दिसेल. तो म्हणाला, "यादी नको जोडू."

"का?"

"नको म्हटलं ना."

यादीवर त्याची सही आहे, म्हणून लाजत असेल. पण मी जोडणार. लपवाछपवी मला जमत नाही.

मंगळवार, १७ मार्च

दादाला नेत्रतज्ज्ञाकडे नेलं. निमूट आला. त्याने शेवटची ओळ वाचली, तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं. डॉक्टर म्हणाले नंबर होता तेवढाच आहे.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मग त्या दिवशी वाचता कसं आलं नाही?"

"वाचलं होतं. तीनदा वाचलं."

"मग दाबलंस कशाला?"

"'नाही' दाबलं असतं तर चिप जुन्याच नोंदींवर अडून बसली असती, उचकी राहिली असती. किल्ली असली की पुसण्यात धोका नसतो."

"पण किल्ली कुठे होती?"

तेवढ्यात बस आली. तो पुढे चढला आणि माझ्या दोन रांगा पुढे जाऊन बसला.

बुधवार, १८ मार्च

सकाळी डिस्कवाल्याचा फोन. डिस्क ठणठणीत आहे, सगळं जागच्या जागी आहे, एक अक्षर वाचता येत नाही. म्हणाला, "चिपने आपलं काम चोख केलंय." हे मला कुणी सांगायला नको होतं.

मग यादीची प्रत काढायला फाइल उघडली. यंत्र चौदा. ओळ आठ, 'किल्ली छापून पाकिटात ठेवली.' पुढे खूण. माझी. तारीख अकरा फेब्रुवारी.

आधी वाटलं, मग छापलेलं पाकीट गेलं कुठे? खरंच असं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. मग लाल दिवा आठवला. मग दाढ.

दादा टेबलावर एक बोर्ड उघडून बसला होता. मी यादी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने बघितलं, आणि सोल्डरिंगची बंदूक बाजूला ठेवली.

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"पाकिटं तेरा निघाली तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस? मी तुला सगळ्यांसमोर..."

"चूक माझीही आहे. बटण दाबण्याआधी पाकीट हातात घ्यायला हवं होतं. यादीत तुझी खूण दिसली की मी उठून बघत नाही. वीस वर्षं नाही बघितलं."

"म्हणून माझं पाप तू अंगावर घेणार?"

"अगं, तुझं तुला सापडेल असं वाटलं. सापडलं की." त्याने बंदूक पुन्हा उचलली. "आणि तू ओरडायची थांबशील तेव्हाच कोणी बोलणार ना."

मी रडले. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं तरी रडले. सूप सांडलेला लॅपटॉप ज्याचा, तोच. बिचारा म्हणाला, "माझा नाही झाला तरी चालेल हो."

संध्याकाळी जुना कागद फाडून नवा लिहिला. खाली एकच सही, माझी. दादा म्हणाला दोन पाहिजेत. मी ऐकलं नाही, मग त्याने माझ्या सहीखाली स्वतःच सही ठोकली.

गुरुवार, १९ मार्च

केंद्रात गेले. थेरपिस्टबाईंना कागद दिला, त्यांनी दोनदा वाचला. "मी तुम्हाला विचारलं होतं, कागद नसेल तर," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दुसरी प्रत ठेवू द्यायची नाही हा नियम माझा होता. त्याचं ओझं मलाही पुरेल." पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

तलावबाईंना आजपासून बोलायची परवानगी आहे, दिवसाला चाळीस मिनिटं. दादाने दुसरं यंत्र बसवून दिलंय. मी त्यांच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. खूण, दिवा, दाढ. त्यांनी ऐकून घेतलं. आवाज दोन आठवड्यांत आणखी बसलाय, खालच्या पट्टीत तर नुसती हवाच येते.

"जानेवारीतला माझा आवाज आजच्यापेक्षा किती तरी बरा होता," त्या म्हणाल्या. "तो गेला. तुझ्यावर रागवायचं म्हटलं तर त्यात पाच मिनिटं जातील, आणि माझ्याकडे चाळीसच आहेत. बस इथे. दोनशेच्या आसपास वाक्यं होतील. कोणती, ते आपण ठरवू."

मला बसवून घेतलं, शिक्षा म्हणून की कामाला म्हणून, मला कळलं नाही.

शनिवार, २१ मार्च

प्रोग्रामची यादी बाजूला ठेवली आहे. 'टेकडीवर पिवळे घर आहे' असली वाक्यं. थेरपिस्टबाईंनी सगळे स्वर आणि सगळी व्यंजनं येतील अशी शंभर निवडली, बाकीची तलावबाईंनी सांगितली आणि मी लिहून घेतली. पाय सरळ. श्वास सोड, सोड म्हटलं ना. कोण रे तो काठावरून पळतोय? मुलीसाठी वेगळी. पोचलीस की कळव. मला सगळं कळतं, लपवू नकोस.

मध्येच त्यांना ठसका लागला. दोन मिनिटं गेली. घड्याळ बघून त्यांनी पुढचं वाक्य घेतलं. मी पाण्याचा पेला धरून बसले होते. चौदा यंत्रं कुलूपबंद केली, पण आत कोणाचं काय ठेवलेलं असतं ते मी कधी बघितलं नव्हतं. चिपला आवाज आणि बिलं सारखीच. मला सारखी असायला नको होती.

सोमवार, २३ मार्च

शेवटची चाळीस मिनिटं. एकूण दोनशे बारा. या वेळी मी रोज दोन प्रती काढल्या, एक त्यांच्या हातात, एक थेरपिस्टबाईंच्या कपाटात. कपाटात ठेवल्यावर उघडून पाहिलं, पुन्हा बंद करून पुन्हा उघडून पाहिलं. दादा दारात उभा राहून बघत होता.

निघताना तलावबाई म्हणाल्या, "येते हं." माझ्याशी बोललेलं ते त्यांचं शेवटचं.

मंगळवार, २४ मार्च

शस्त्रक्रिया सहा तास चालली. नीट झाली. थेरपिस्टबाईंनी कळवलं, त्यांनी कळवायला हवं होतं असं नाही.

शनिवार, ९ मे

तलावबाई आज दुकानात आल्या, सोबत मुलगी. मुलगी सत्तावीस-अठ्ठावीसची, आईसारखेच खांदे. तलावबाईंच्या गळ्यात रुमाल, हातात टाइप केलेलं बोलून दाखवणारा छोटा टॅब्लेट. आवाज तयार झाला आहे, पण तलावावर ऐकू जात नाही, मोठा स्पीकर जोडून हवाय. दादाने लगेच काम अंगावर घेतलं.

त्यांनी टाइप केलं, आणि यंत्र बोललं, "कशी आहेस?"

त्यांचाच आवाज होता. बसलेला, फाटलेला, मार्चमधला. मी म्हटलं, बरी आहे. मग विचारून टाकलं, "तुम्हाला कसा वाटतो आवाज?"

त्यांच्याआधी मुलगीच बोलली. "आईचा आहे, पण आजारी आईचा आहे. फोनवर ऐकला की मला ते शेवटचे दिवस आठवतात. मी तिला म्हणते, तू लिही, मी वाचीन." ती हे माझ्यावर रागावून बोलत नव्हती, त्यामुळे ऐकणं जास्त जड गेलं.

तलावबाई टाइप करत होत्या. यंत्र म्हणालं, "होईल सवय. मलाही व्हायची आहे."

मी विचारलं, "त्या अकराशे चाळीसांतलं कोणतं वाक्य हवं होतं?" असं विचारावं की नाही, मला माहीत नाही. पण मला जाणून घ्यायचं होतं, मी नेमकं काय घालवलं.

त्यांनी टाइप केलं. मग यंत्र बोललं. "वाक्य नाही. जानेवारीत एक वाक्य वाचताना मला हसू फुटलं. थेरपिस्टबाईंनी ते पुसलं नाही, ठेवून दिलं. नवीन दोनशे बारामध्ये मी एकदाही हसले नाही. वेळ नव्हता."

दादाचे हात थांबले. मुलगी खिडकीकडे बघायला लागली. माफी मागून झाली होती, आणि हसू काही अक्षरं जुळवून होत नाही.

तलावबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि पुन्हा टाइप केलं. यंत्र त्यांच्या त्या बसलेल्या आवाजात, वर्गात पाढे म्हणावेत तसं, एकेक अक्षर तोडत म्हणालं, "हा. हा. हा."

मुलगी वळली. आधी तिला कळलंच नाही. मग ती हसली, हसतच राहिली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तलावबाईही हसत होत्या. खांदे गदगदत होते, तोंड उघडं होतं, आणि त्यातून काहीच येत नव्हतं.

मला हसता आलं नाही. पण मी तिथून उठूनही गेले नाही.